चेक=ट्रू लिहिलं की झालं? एका प्रतिक्रियेला उत्तर

तुमचं म्हणणं असं, की पायथनमधून दुसरी कमांड चालवणाऱ्या सबप्रोसेस.रन ला चेक=ट्रू दिलं की कमांड फसल्यावर एक्सेप्शन (प्रोग्रॅम थांबवणारी चूक) येतंच, मग फसलेल्या कमांडी पकडण्यावर मी एवढं पाल्हाळ कशाला लावलं? सोबत दादरच्या ऑफिसातली तुमची रात्रीच्या बॅकअपची ओळ दिलीत: शेल=ट्रू, आत 'पीजी_डंप | जीझिप > फाइल'. म्हणजे शेलमधून पीजी_डंपने डेटाबेसची प्रत काढायची आणि पाइपने (|) ती कॉम्प्रेस करायला जीझिपकडे द्यायची. बरं झालं दिलीत. चेक=ट्रू नेमकं इथेच फसतं.

कमांड संपताना एक आकडा देते, तो एक्झिट कोड: 0 म्हणजे यश, बाकी काही म्हणजे अपयश. पाइपने जोडलेल्या अशा साखळीचा, म्हणजे पाइपलाइनचा, एक्झिट कोड म्हणजे शेवटच्या कमांडचा कोड. उद्या कुणी डेटाबेसचा पासवर्ड बदलला, की पीजी_डंप 1 देऊन बाहेर पडेल, जीझिपच्या हाती रिकामं इनपुट येईल आणि तो निमूटपणे 0 देईल. एक्सेप्शन नाही, मेल नाही. फोल्डरमध्ये आजच्या तारखेची 20 बाइटची फाइल, आणि 'जीझिप --टेस्ट' तिलाही पास करतं! यावर 'सेट -ओ पाइपफेल' (साखळीतली कुठलीही कमांड फसली तरी अपयश कळवा, असं शेलला सांगणारी ओळ) आहे खरं, पण शेल=ट्रू चालवतं /बिन/एसएच; डेबियन-उबुंटूवर तो डॅश नावाचा छोटा शेल असतो आणि डॅशच्या बऱ्याच आवृत्त्या पाइपफेल ओळखतच नाहीत. तेव्हा एक्झिक्युटेबल='/बिन/बॅश' द्या. त्याहून बरं म्हणजे पाइपच काढून टाका. पीजी_डंपला --फॉरमॅट=कस्टम --फाइल=... दिलं की तो स्वतःच कॉम्प्रेस करतो, शेल लागतच नाही.

उलटही होतं. मजकूर शोधणाऱ्या ग्रेपला काही सापडलं नाही तर कोड 1, खरी चूक असेल तर 2. फाइली कॉपी करणाऱ्या आरसिंकचा 24 म्हणजे कॉपी चालू असताना काही फाइली गायब झाल्या. चालू सर्व्हरवर हे होणारच. अशा ठिकाणी चेक=ट्रू उगाच बोंब मारतं. कोड ‑9 आला तर मात्र कमांडने नव्हे, बाहेरून कुणीतरी मारलंय. बहुतेकदा मेमरी संपली म्हणून कर्नलने, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याने. शेलमधून तोच 137 दिसतो.

तुमच्या एक्सेप्टमध्ये (एक्सेप्शन पकडणाऱ्या भागात) फक्त कॉल्डप्रोसेसएरर, म्हणजे चेक=ट्रूचं एक्सेप्शन, आहे. शेल काढलंत की कमांड न सापडल्यास फाइलनॉटफाउंडएरर येतो, तोही पकडा. ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या क्रॉनचा पाथ (कमांड शोधायच्या फोल्डरांची यादी) तोकडा असतो, त्यामुळे टर्मिनलवर चालणारी कमांड रात्री हमखास इथे अडते. शिवाय एक्सेप्शन नुसतं छापलं तर कोडच दिसतो. खरं कारण ई.एसटीडीईआरआर मध्ये, म्हणजे कमांडने छापलेल्या एरर-संदेशात, असतं आणि तेही कॅप्चर_आउटपुट=ट्रू वगैरे देऊन ते पकडलं असेल तरच. लॉगमध्ये ते टाका.

राहिला टाइमआउट, म्हणजे कमांडला दिलेली वेळमर्यादा, जो तुमच्या ओळीत नाहीच. डेटाबेस महापेच्या डेटा सेंटरमध्ये आहे म्हणता. पावसाळ्यात मधली लाइन गेली तर पीजी_डंप तासन्‌तास लटकू शकतो. पण शेल=ट्रूसोबत टाइमआउट दिला तर मरतो फक्त शेल. पीजी_डंप मागे उरतो आणि एसटीडीईआरआरचा पाइप धरून बसतो; जुन्या पायथनमध्ये (3.7.4 पर्यंत) तर आउटपुट कॅप्चर केलं असेल तर रन() त्याचीच वाट पाहत राही. शेल ठेवायचंच असेल तर रन() ऐवजी सबप्रोसेसमधल्याच पीओपन ला स्टार्ट_न्यू_सेशन=ट्रू द्या आणि वेळ संपली की ओएस.किलपीजी ने अख्खा ग्रुप, म्हणजे शेल आणि त्याने चालवलेल्या सगळ्या कमांडी, मारा.