डोझर घेतला आणि चेनचा नोकर झालो

"डोझरवाला काय, पैसा छापतोय" असं म्हणणाऱ्या एकेकाला एकदा माझ्या मशीनखाली झोपवायचंय. तेही मे महिन्यात, खटावच्या माळावर. पाठीखाली तापलेला मुरूम आणि नाकावर टपकणारं ग्रीस.

काल बांधाच्या कडेला जागेवर वळवताना डावी चेन (डोझर ज्या लोखंडी पट्ट्यावर चालतो तो) उतरली. ढिली होती म्हणे. अरे मग सकाळी बघायला काय झालं होतं?? चेन ताणून धरणाऱ्या ॲडजस्टरचं सील गेलंय, ग्रीस मारलं तरी दोन दिवसात चेन परत लोंबते, रोज बघत जा असं तीनदा सांगितलं ऑपरेटरला, तर आमचे साहेब म्हणतात "चालतंय की मालक". चालतंय! दोन पहारी, जॅक, तीन माणसं आणि अख्खी दुपार गेली, ग्रीसचा वॉल्व्ह ढिला करून आयडलर, म्हणजे चेनचं पुढचं चाक, मागं ढकलला तेव्हा कुठं चेन तिला ओढणाऱ्या स्प्रॉकेटच्या दातावर बसली. आणि वॉल्व्ह खोलताना तोंड बाजूला ठेव हेपण मीच बोंबलून सांगायचं, आतलं ग्रीस केवढ्या प्रेशरला असतं, कातडी फोडून आत जाईल बाबा.

बरं मुरमात चेन घासते ते समजू शकतो. पण काळ्या रानात काम झालं की संध्याकाळी चेन ज्यांच्यावरून फिरते त्या रोलरमधला चिखल काढायचा, फावडं घेऊन १५ मिनिटांचं काम, ते कुणाला नको. रात्रीत तो चिखल सिमेंटसारखा होतो, सकाळी रोलर फिरतच नाही, चेन त्याच्यावरून घासत जाते आणि रोलर एका बाजूनं चपटा. मग सील फुटतं, ऑइल गळतं, की आलाच खर्च. इंजिनला एवढा त्रास नाही हो, ह्या मशीनचा निम्मा मेंटेनन्स खाली चेन-रोलरवरच जातो. गेल्या वर्षी चेनच्या कड्या जोडणारे पिन-बुश फिरवून घेतले, त्याच पैशात बायकोला स्कूटी आली असती (ती रोज ऐकवते). आणि पार्टवाला "एकदम ओरिजिनल" म्हणून रोलर देतो, तो दुसऱ्या महिन्यात गळायला लागतो, फोन केला की "माती जास्त लागली असेल दादा". डोझरला माती लागणार नाही तर काय, अत्तर??

तासाला १२-१३ लिटर डिझेल रोख टाकायचं आणि भाडं मात्र उसाचं बिल आल्यावर. कुठलं बिल, कुठल्या साली, ते विचारायचं नाही.

आत्ता हे टाइप करतोय तेवढ्यात एका आबांचा फोन. एक तासाचं काम आहे म्हणे, येऊन जा. ट्रेलरचं भाडं सांगितलं तर म्हणतात, "चार किलोमीटर तर आहे, डांबरी रोडनं चालवत आण की."