गुंठेवारीची प्रत कोणत्या तारखेपर्यंतची?

सांगली-मिरज-कुपवाडमध्ये गुंठेवारीचा, म्हणजे परवानगीशिवाय गुंठ्या-गुंठ्यांनी पाडलेल्या प्लॉटचा, विषय निघाला की वाद ठरलेला: नियमित करायची की नाही. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात बसून तो वाचताना मला त्याच्या आधीचा प्रश्न जास्त टोचतो. टेबलावरची कायद्याची प्रत कधीपर्यंतची आहे? २००१ च्या गुंठेवारी अधिनियमाची मूळ प्रत हातात असेल, तर १ जानेवारी २००१ नंतर पडलेला प्लॉट बाद. २०२१ ची दुरुस्ती धरली, तर मर्यादा ३१ डिसेंबर २०२०. वीस वर्षांचा फरक, आणि दोन्ही प्रतींवर नाव एकच.

इथलं, कोलोरॅडो विधिमंडळाचं, अधिवेशन १२० दिवसांचं. ते संपलं की विधिमंडळाचंच विधी कार्यालय मंजूर झालेला सगळा मजकूर संहितेत, म्हणजे राज्याच्या कायद्यांच्या एकत्रित ग्रंथात, बसवतं. संहितेचे ४४ विभाग. जमिनीच्या दस्तनोंदणीचं कलम ३८-३५-१०९, म्हणजे विभाग, प्रकरण, कलम. कलमाखाली बारीक अक्षरात कोणत्या वर्षीच्या कायद्याने काय बदललं ते दिलेलं असतं. दोन कायदे एकाच कलमावर आले, तर दोन्ही एकत्र नांदतात का ते आधी पाहतात; जुळतच नसतील तर ज्याची अंमलाची तारीख नंतरची, तो टिकतो. कार्यालयाला अर्थ बदलायची मुभा नाही, त्यासाठी सभागृहातच जावं लागतं. आणि दरवर्षी एक छोटं विधेयक येतं: ही छापलेली संहिता हाच राज्याचा कायदा. त्यावर मतदान होतं, राज्यपालांची सही होते. छापील प्रतीची जबाबदारी विधिमंडळ अशी स्वतःच्या अंगावर घेतं, हेच मला सगळ्यात मोलाचं वाटतं.

आपल्याकडे सुधारित आवृत्ती विधी व न्याय विभाग काढतो. सभागृह तिच्यावर मत देत नाही. दुरुस्ती विधेयकात ‘या मजकुराऐवजी हा मजकूर दाखल करण्यात येईल’ एवढंच असतं. मूळ कलमांचे उतारे शेवटी जोडतात खरे, पण सांधून वाचायचं काम वाचणाऱ्याचं. इथल्या विधेयकात बदलणारा मजकूर जागच्या जागी छापतात, नवे शब्द कॅपिटल अक्षरांत आणि जुन्यांवर काट. आपल्याकडे त्यात अध्यादेशाची भर. तुकडेबंदीत, म्हणजे शेतजमिनीचे लहान तुकडे पाडायला मनाई करणाऱ्या कायद्यात, नियमितीकरणाचं शुल्क बाजारमूल्याच्या २५ टक्क्यांपर्यंत होतं, ते २०२४ च्या अध्यादेशाने ५ टक्क्यांवर आणलं. अध्यादेशाची जागा घेणारा कायदा झाला नाही, तर अधिवेशन भरल्यापासून सहा आठवड्यांत तो संपतो. कराडच्या किंवा विट्याच्या दस्तलेखकाने नेमकं कोणतं पान उघडायचं?

इथेही सगळं आलबेल नाही. जॉर्जिया राज्याने अधिकृत संहितेतल्या टिपांवर कॉपीराइट सांगितला होता. २०२० मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी तो नाकारला.

सांगली-साताऱ्याच्या आमदारांकडे गुंठेवारीची मुदतवाढ मागता, तशीच दरवर्षी सभागृहाने मंजूर केलेली एकत्रित प्रतही मागा. तोवर दस्त करण्याआधी मुखपृष्ठावरची ‘पर्यंत सुधारित’ ही तारीख बघा, पानाखालच्या टिपांतला शेवटचा दुरुस्ती अधिनियम बघा, त्यानंतरची असाधारण राजपत्रं चाळा. दुरुस्तीच्या कलम १ मध्ये ‘शासन नेमील त्या दिनांकास’ असे शब्द असतील तर अंमलाची अधिसूचना शोधा. ती निघाली नसेल, तर दोन्ही सभागृहांनी मंजूर केलेली दुरुस्तीही अजून लागू झालेली नाही.