नुसत्या लांबीवर कोपेपॉडची जात ठरवू नका
कोपेपॉड, म्हणजे पाण्यात राहणारे कोळंबीचे बारीकसे दूरचे नातेवाईक, यांच्यावरचा लेख छान, पण त्यातलं ‘लांबी मोजली की कोपेपॉडची जात कळते’ हे काही पटलं नाही. उत्तर अटलांटिकचा कॅलॅनस फिनमार्किकस आणि आर्क्टिकचा कॅलॅनस ग्लेशियालिस वर्षानुवर्षं लांबीवरूनच वेगळे काढले जायचे. डीएनए तपासल्यावर कळलं, दोघांची मापं एकमेकांत सर्रास मिसळतात. बारका ग्लेशियालिस बिनदिक्कत फिनमार्किकसच्या रकान्यात! बरं, पाचव्या पायाची जोडी सुईने सोडवून, ग्लिसरीनच्या थेंबात ठेवून, सूक्ष्मदर्शकाखाली आतल्या कडेची दातेरी रांग बघावी, तर या दोघांत तीही दगा देते. अर्धवट वाढलेल्या पिल्लांचं तर विचारूच नका. मग लेखातला या जातींचा नकाशा नेमका कुठल्या नोंदींवरून काढलाय? तेवढं सांगा.