चला, पटकन जाऊन येऊ

रविवारी पोह्यांची बशी खाली ठेवता ठेवता नवरा म्हणाला, "चला, वज्रेश्वरीला जाऊन येऊ. गरम पाण्याची कुंडं आहेत. तास-दीड तासात पोचतो."

ऑक्टोबरचं ऊन. ठाण्यात सकाळी नऊ वाजता पंख्याखालीही मान चिकट होत होती, आणि याला गरम पाण्यात बसायचं होतं. मुलाने मोबाइलमधून मान वर न काढता विचारलं, "गीझर बिघडलाय का?"

अचानक ठरलेली सहल ज्याने ठरवली त्याच्यापुरतीच अचानक असते. बाकीच्यांना कामं लागतात. ओले कपडे ठेवायला पिशव्या, कोरडे कपडे, टॉवेल, चटई, बाबांच्या गोळ्या, लेकीला गाडी लागते म्हणून आवळासुपारी, बाहेरचं खाऊन पोट बिघडायला नको म्हणून थालीपिठं आणि थालीपिठांबरोबर लोणचं. सासूबाईंनी ओटीचं सामान काढलं आणि फर्मान सोडलं, "देवीला पारोशाने जायचं नाही. आधी सगळ्यांच्या आंघोळी." मग एकामागून एक सगळे गीझरच्या कढत पाण्याने न्हाले. अशा रीतीने गरम पाण्याने आंघोळ करून आम्ही गरम पाण्याने आंघोळ करायला निघालो. नवरा केव्हाचा खाली गाडीत बसून हॉर्न वाजवत होता. त्याची तयारी झाली होती. त्याने गॉगल घातला होता.

ठाण्याहून वज्रेश्वरीला जायला दोन रस्ते. एक भिवंडीवरून आणि एक घोडबंदरवरून. कुठल्याही रस्त्याने गेलं तरी दुसऱ्या रस्त्याने यायला हवं होतं असं वाटतं, एवढाच काय तो फरक. आम्ही घोडबंदर धरला. गायमुखच्या घाटात पुढे ट्रेलर, मागे ट्रेलर, आणि मधल्या फटीतून सुळकन जाणारे रिक्षावाले. गाडी जागची हलेना. थालीपिठं तिथेच संपली.

अशा वेळी बाबांना इतिहास आठवतो. "चिमाजी अप्पा याच मुलखात लढले बरं का. वसईचा किल्ला पोर्तुगीजांकडून घेतला, 1739 साली. किल्ला पडेना, तेव्हा वज्रेश्वरीला नवस बोलले, यश दे, तुझं देऊळ बांधीन. मे महिन्यात वसई पडली आणि देऊळ बांधलं."

"बाबा, हा घाट सुटला तर मीसुद्धा बांधतो," नवरा म्हणाला.

"आधी बाथरूमची फरशी बसवून घे," सासूबाई मागून म्हणाल्या. सासूबाई फार बोलत नाहीत, पण नेम चुकत नाही.

शिरसाड फाट्याला हायवे सोडला आणि गाडीला जरा वेग आला. पारोळकडे हिरवळ लागली. हवा बदलली की नवऱ्याला विज्ञान सुचतं. "त्या कुंडांच्या खाली ज्वालामुखी आहे. आत नुसता धुमसतोय."

आता मात्र मुलाने कानातले बोळे काढले. "पप्पा, ज्वालामुखी कुठला? इथला लाव्हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. कधीच गार झालाय." मग त्याने सांगितलं ते असं. पावसाचं पाणी खडकातल्या भेगांतून खोल उतरतं. जमिनीत जितकं खाली जावं तितकी उष्णता वाढते, किलोमीटरला साधारण पंचवीस ते तीस अंश. तापलेलं पाणी दुसऱ्या एखाद्या मोठ्या भेगेतून वर येतं. कोकणात अशा झऱ्यांची रांगच आहे: पालघरपासून खाली पालीजवळचं उन्हेरे, दापोलीतलं उन्हवरे, संगमेश्वराकडचं तुरळ, अगदी राजापूरपर्यंत. मला अभिमान वाटला. वार्षिक परीक्षेत भूगोलात याला पडलेले मार्क आठवून तो लगेच आवरला.

"म्हणजे धुमसतंयच की," नवरा म्हणाला.

वज्रेश्वरीचं देऊळ उंचावर आहे, किल्ल्यासारखं, दगडी. बावन्न पायऱ्या आहेत. बाबांनी प्रत्येक पायरीला गुडघ्याचा स्वतंत्र उल्लेख केला. ओटी भरली, प्रसाद घेतला आणि तिथून जवळच तानसा नदीच्या काठाला अकलोलीच्या कुंडांवर आलो.

दगडात बांधलेली चौकोनी कुंडं, वर वाफेचा पातळ पदर, गंधकाचा वास आणि कोपऱ्यात शाम्पूच्या रिकाम्या पुड्या. या शेवटच्या वस्तूबद्दल मी फार बोलणार नाही. निसर्गाने एवढ्या खोलातून पाणी तापवून वर पाठवायचं आणि आपण त्यात एक रुपयाची पुडी फोडायची, यावर बोलायला लागले तर लेख दुसरीकडेच जाईल. पुरुषमंडळी एका बाजूला गेली, आम्ही बायका दुसरीकडे. मी ऐटीत पाय घातला आणि तितक्याच ऐटीत किंचाळले.

"तसं नाय, ताई," आतून एक बाई म्हणाली. गळ्यापर्यंत पाण्यात बसून ती शांतपणे गप्पा मारत होती. "आधी पायावर पाणी घ्या. मग गुडघ्यावर. मग हळूहळू बसा. आणि बसल्यावर हलू नका. हललं की पोळतं."

शेजारच्या भिंतीपलीकडून नवऱ्याचा "आई गं!" ऐकू आला. त्याला सांगायला तिकडे कोणी नव्हतं.

त्या बाईने लेकीला गोष्ट सांगितली, देवीने राक्षस मारले, त्यांचं रक्त म्हणजे हे ऊन पाणी. लेकीने स्वतःच्या पोटाभोवतीच्या पाण्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि बाहेर जाऊन चटईवर बसली. परत काही ती आत आली नाही. दादाची भेगांची गोष्ट तिला एकदम पटली.

सासूबाई काठावरच बसणार होत्या. घरून न्हाऊन निघाल्यात, केस ओले करायचे नाहीत, या वयात नसते उद्योग नकोत, असं येताना पुन्हा पुन्हा बजावलं होतं. आधी त्यांनी नुसते पाय सोडले. मग पोटऱ्यांना बरं वाटलं. मग त्या एक पायरी उतरल्या. मी लेकीला बिस्किटं देऊन वळून बघते तर सासूबाई लुगड्यासकट कमरेपर्यंत पाण्यात, आणि कुंडातल्या बायकांशी सुनांविषयी चर्चा रंगात आलेली. मला बघून विषय बदलून लोणच्यावर गेला.

दोन वाजले. भिंतीपलीकडून हाका सुरू झाल्या. "आई, चल! उशीर झाला तर घोडबंदरला अडकू!"

"आले," सासूबाई म्हणाल्या आणि आणखी एक पायरी खाली उतरल्या.

अर्ध्या तासाने पुन्हा हाक. आता त्या गळ्यापर्यंत होत्या, आणि हलू नका म्हणणाऱ्या त्या बाईचं तंतोतंत ऐकत होत्या.

"आई, आम्ही गाडीत बसलोय!"

"बसा ना. तुम्ही व्हा पुढे," सासूबाई डोळे न उघडता म्हणाल्या. "मी येईन माझी एसटीने."

आणि कुंडातल्या बायकांनी त्यांना लगेच एसटीच्या वेळा सांगायला सुरुवात केली.