मालिका बंद पडेपर्यंत थांबा

नवी मालिका सुरू झाली म्हणून लगेच बघायला बसू नका. बघणाऱ्याची पंचाईत होते. कोण कुणाची मावशी, जमिनीचे कागद कुणी पळवले, हे त्याला नीट आठवतं आणि मग मत देताना जीभ अडखळते. ‘पहिले आठ दिवस बरे होते, पुढं जरा...’ असल्या पाणचट मताला आपल्या गोव्यात फोंड्याच्या बसस्टँडवर कुणी विचारत नाही. न बघणाऱ्याचं मत कसं एका दमात येतं: ‘हल्लीच्या मालिकांत काही राम राहिलेला नाही.’ हे वाक्य पाठ करून ठेवा. कुठल्याही वाहिनीला, कुठल्याही वारी चालतं.

प्रोमो तेवढा बघा. अर्ध्या मिनिटात नायिकेच्या हातातलं ताट पडतं, नायक जीपमधून उतरतो आणि सासू मान वळवते. दोनशे भागांवर बोलायला एवढी शिदोरी पुष्कळ झाली. शिवाय प्रोमोसाठी वेगळा वेळ काढावा लागत नाही, गाजलेल्या मालिकेच्या मधल्या जाहिरातींत तो आपोआप येतो. आता तुम्ही म्हणाल, ‘मी कुठं गाजलेल्या मालिका बघतो?’ अगदी बरोबर. तुम्ही बघत नाही, घरात लागलेली असते. गोव्यातला एकही बाप्या मालिका बघत नाही. तरी नायिकेच्या दुधात काय मिसळलं होतं हे त्याला माहीत असतं आणि त्या वेळी आलेला फोन तो उचलत नाही.

नवी मालिका मुद्दाम गाठायची म्हटली तरी सोपं नाही. ती एक तर संध्याकाळी साडेसहाला येते, जेव्हा तुम्ही पणजीहून सुटलेल्या कदंब बसमध्ये एका पायावर उभे असता, किंवा रात्री अकराला, जेव्हा तुमचा दुसरा डोळाही मिटलेला असतो. कधी वेळ जमवून बसलात, तर खाली पट्टी सरकते की उद्यापासून वेळ बदलली आहे. ती कुणाच्या नजरेस पडू नये म्हणून वाहिनीनं स्वतः एवढी काळजी घेतलेली असताना आपण शोधत जाणं हा निव्वळ आगाऊपणा आहे.

आणि बघून तरी काय होणार? टीआरपी नावाचं जे प्रकरण आहे, ते २०१५ पासून बार्क ही संस्था मोजते. २०२० च्या सुमारास देशात टीव्ही असलेली घरं २१ कोटींच्या आसपास होती आणि मीटर लावलेली घरं ४४ हजारांच्या आसपास. म्हणजे पावणेपाच हजार घरांमागं एक मीटर. कार्यक्रमाच्या आवाजातच कानाला न कळणारी खूण मिसळलेली असते, मीटर ती ओळखतं. घरातलं कोण समोर बसलंय, हे त्या माणसानं बटण दाबून सांगायचं. मीटर कुणाच्या घरी आहे हे गुपित. २०२० च्या ऑक्टोबरात मुंबईत टीआरपी घोटाळ्याची बोंब उठली तेव्हा आरोप असा होता, की काही मीटरवाल्यांना पैसे देऊन ठरावीक वाहिनी चालू ठेवायला सांगितलं जात होतं. आपल्याला असं कुणी कधी विचारायलाही आलं नाही, यावरून आपली पत ओळखावी.

गोवेकराची पत तर आणखी खास. मराठी वाहिन्यांचे आठवड्याचे आकडे गुरुवारी येतात, त्यावर बाजाराचं नाव असतं ‘महाराष्ट्र/गोवा’. ती मधली तिरकी रेघ नीट बघा. १६ जानेवारी १९६७ रोजी जनमत कौल झाला, आपल्या आजोबा-पणजोबांनी रांगा लावल्या, ३४,०२१ मतांच्या फरकानं महाराष्ट्रातलं विलीनीकरण फेटाळलं गेलं. कुठल्या घरानं विलीनीकरणाचं फूल निवडलं आणि कुठल्या घरानं वेगळ्या गोव्याची दोन पानं, यावरून अजून काही लग्नांत पंगती वेगळ्या बसतात. आणि टीआरपीवाल्यांनी ना मतदान, ना मोर्चा, एका रेघेत विलीनीकरण उरकलं! कुणी चकार शब्द काढला नाही. २०११ च्या जनगणनेत रेघेच्या अलीकडं सव्वाअकरा कोटी माणसं होती, पलीकडं साडेचौदा लाख. म्हणजे पेडण्यापासून काणकोणापर्यंत सगळ्यांनी एखादी मालिका डोळ्यांत तेल घालून पाहिली, तरी आकडा जागचा हलेल याची खात्री नाही. तेव्हा आपलं मत मोजलं जात नाही म्हणून खचू नका. न मोजल्या जाणाऱ्या मताला जबाबदारी नसते. ते मोठ्यानं द्या.

गावातल्या एखाद्या पोराला मालिकेत काम मिळालं, तर मात्र पद्धत वेगळी. हा पोरगा दहा वर्षं देवळाच्या उत्सवी नाटकांत राबलेला असतो, कला अकादमीच्या स्पर्धेत फोंड्याला राजीव गांधी कला मंदिराच्या रंगमंचावर उभा राहिलेला असतो. तेव्हा तुम्ही तिसऱ्या रांगेत बसून ‘उच्चार सुधारायला हवेत’ असं शेजाऱ्याला सांगितलेलं असतंच. आता तो मुंबईत भाड्याच्या खोलीत राहतो आणि त्याला डॉक्टरची भूमिका मिळालीय. संवाद एकच: ‘पुढचे चोवीस तास महत्त्वाचे आहेत.’ लगेच तिठ्यावर फलक लावा. फलकावर पोराचा फोटो लहान आणि पंच, सरपंच, आमदार यांचे मोठे असावेत. देवळाच्या पुढच्या कालोत्सवाला नाटकाआधी त्याचा सत्कार ठेवा, शाल-श्रीफळ द्या, अध्यक्षांनी चाळीस मिनिटं बोलावं आणि मालिकेचं नाव दोनदा वेगवेगळं घ्यावं. या सगळ्यात मालिका बघण्याची अट कुठंही नाही. पोरगा मंचावरून उतरला, की त्याला बाजूला घेऊन विचारा, ‘कधी असते रे ती?’ त्यानं वेळ सांगितली की हळहळा: ‘नेमकी तेव्हाच आमच्याकडं वीज जाते.’

मालिकेत गोवा दिसला, तर रागावण्याची तयारी ठेवा. गोव्याचं पात्र मालवणी बोललं तर चिडा, पुणेरी बोललं तर जास्त चिडा, आणि पाच वर्षांत एकाही मालिकेत गोव्याचं पात्र नसेल, तर आपल्याला कुणी विचारत नाही म्हणून चिडा. २०२१ च्या एप्रिलात महाराष्ट्रात चित्रीकरण थांबलं, तेव्हा बऱ्याच मराठी मालिकांनी बिऱ्हाड गोव्यात आणलं होतं. कालपर्यंत मुंबईच्या सेटवर भांडणाऱ्या जावा अचानक माडांच्या सावलीत भांडू लागल्या. आपल्याकडं कोविड ऐन भरात, त्यामुळं विरोध झाला आणि मे महिन्यात सरकारनं परवानग्या मागं घेतल्या. विरोध योग्यच होता. पण त्या दिवसांत आपण मराठी मालिकांबद्दल जेवढं बोललो, तेवढं ना त्याआधी बोललो, ना नंतर.

एवढी खबरदारी घेऊनही एखादी नवी मालिका चुकून दोन-तीन दिवस बघितली जाते आणि आवडते. माणसं घरात बोलतात तशी बोलताहेत, नायिका नोकरीला जाते आणि तिथं खरंच काम करते, विषप्रयोग लांबणीवर पडलाय. असं झालं तर घाबरू नका, फक्त बाहेर बोलू नका. दुपारी जेवण झाल्यावर फोनवर अ‍ॅपमध्ये बघा, म्हणजे गुरुवारच्या आकड्यांत त्याचा डाग लागणार नाही. कुणी विचारलंच तर पाठ केलेलं वाक्य आहे.

मग ती बंद पडते. शेवटच्या आठवड्यात हरवलेली स्मृती सोमवारी परत येते, खलनायिका बुधवारी पाया पडते, शुक्रवारी बाळाचं बारसं. सेटवर मालिकेचं नाव लिहिलेला केक कापल्याचे फोटो येतात. आता बाहेर पडा, तुमची वेळ झाली. ‘एकच काय ती धड मालिका होती, तीही बंद केली यांनी. चांगलं काही टिकूच देत नाहीत.’ हे म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात, खारं नुस्तं, म्हणजे सुकी मासळी, निवडता निवडता म्हणता येतं. आवाजात कंप असावा. वृत्तपत्राला निषेधाचं पत्रही लिहा, पत्रं अजून छापतात.

पत्र टाकण्याआधी मालिकेचं नाव तेवढं कुणाला तरी विचारून घ्या. घरात आई आहे, ती पहिल्या भागापासून रोज बघत होती. नाव सांगेल, शेवट कुठं घाईत गुंडाळला तेही सांगेल, आणि मधल्या त्या वकीलबाईला का काढलं हे तिला तुम्हालाच विचारायचं असेल. नाव लिहून घ्या आणि उठा. बाकीचं ऐकत बसलात तर पत्र लांबेल.