थरथरतं पाणी आणि पक्याचा मेव्हणा

"चांगला होता की," पक्या म्हणाला. 'ज्युरासिक वर्ल्ड: रीबर्थ' पाहून आम्ही कट्ट्यावर बसलो होतो. पक्या एवढ्यावर थांबला असता तर आम्ही सगळे वेळेत घरी गेलो असतो.

"काय चांगलं होतं?" गौरीनं विचारलं आणि मोबाइल खिशात टाकला. ही धोक्याची खूण आहे हे आम्हाला माहीत आहे. पक्याला इतक्या वर्षांत कळलेलं नाही.

"म्हणजे... डायनोसॉर होते. स्कार्लेट जोहान्सन होती."

"मग दोघांत काम कोणाचं बरं होतं?"

पक्या खरंच विचारात पडला. तेवढ्यात विन्यानं घसा खाकरला. विन्याचं घसा खाकरणं म्हणजे नाटकातली तिसरी घंटा. यानं 'ज्युरासिक पार्क'चे सातही भाग क्रमानं पाहिलेत, आणि 'रीबर्थ'च्या आदल्या आठवड्यात आधीचे सहा पुन्हा पाहिले. सुट्टी काढून.

"तुम्हा लोकांना कळलाच नाही पिक्चर," त्यानं सुरुवात केली. "लेखक कोण आहे? डेव्हिड केप. पहिले दोन भाग त्यानंच लिहिले. दिग्दर्शक गॅरेथ एडवर्ड्स. शूटिंग पस्तीस एमएम फिल्मवर. म्हणजे मुळांकडे परत जाणं आहे हे."

"मुळांकडे गेले आणि तिथे चॉकलेटचा कागद सापडला," गौरी म्हणाली.

मला हसू आवरेना. ज्यांनी पाहिलाय त्यांना सांगायला नको. एवढी मोठी प्रयोगशाळा, बंद पिंजरे, सुरक्षेचे दरवाजे, आणि एका माणसाच्या चॉकलेटचा कागद उडून यंत्रणेत अडकतो की सगळं कोसळतं.

"अगं, माणसाच्या छोट्या चुकीतून मोठा अनर्थ, ही थीमच आहे!"

"पहिल्या भागात माणूस पैशासाठी कुंपणाची वीज बंद करतो. त्याला लोभ म्हणतात. याला कचरा म्हणतात."

विन्याचा फोन वाजला. त्याची रिंगटोन म्हणजे पहिल्या भागातल्या रॅप्टर नावाच्या शिकारी डायनोसॉरचं ते भुंकणं, स्वयंपाकघरात दोघं एकमेकांना हाका मारतात ते. ऑफिसातल्या साहेबासाठी खास लावलीय. त्यानं फोन कट केला आणि पुढे बोलू लागला.

मी मधे पडलो. म्हटलं, एक प्रसंग मात्र मानला पाहिजे. तो तराफ्याचा. नदीकाठी टी-रेक्स झोपलाय आणि ती पोरगी त्याच्यासमोर तराफा ओढून बाहेर काढतेय. मी श्वास धरून बसलो होतो.

"तो चांगलाच आहे," गौरी लगेच म्हणाली. "का चांगला आहे सांगू? कारण तो जुना आहे. पहिला पिक्चर ज्यावरून निघाला त्या मायकेल क्रायटनच्या १९९० च्या कादंबरीतला. पहिल्या पिक्चरसाठी ठरवला होता आणि राहून गेला. म्हणजे नव्या पिक्चरमधली सगळ्यात ताजी गोष्ट पस्तीस वर्षांची आहे."

इथं विन्यानं मान हलवली, पण माहिती गौरीकडून आली याचं दुःख चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

"आणि त्या प्रसंगात तू श्वास का धरलास?" ती माझ्याकडे वळली. "प्राणी झोपलाय म्हणून. तो काहीच करत नाहीये. पुढे तो सहा हातापायांचा धोंड्या येतो तेव्हा धरलास श्वास?"

"नाही. तेव्हा मी घड्याळ बघितलं."

"डिस्टॉर्टस रेक्स," विन्यानं दुरुस्ती केली. "आणि ते म्युटेशन आहे. मुद्दाम विद्रूप केलाय. स्टार वॉर्समधला रँकॉर आणि एलियन यांची छाप त्यावर आहे, हे दिग्दर्शकानंच सांगितलंय."

"म्हणजे डायनोसॉरच्या पिक्चरमध्ये घाबरवायला दुसऱ्या पिक्चरमधले राक्षस आणावे लागले," गौरी म्हणाली. "तूच बोललास हं, मी नाही."

यावर पक्या इतका हसला की कट्ट्यावरून घसरला. वास्तविक त्याला 'चांगला' वाटलेला पिक्चर धोक्यात होता, पण पक्याची निष्ठा नेहमी शेवटच्या चांगल्या वाक्याकडे असते.

मग गौरीनं तिचं खरं म्हणणं मांडलं. ते मी जमेल तसं लिहितो, कारण तिच्या बोलण्याचा वेग मला झेपत नाही. तिचं म्हणणं असं की, पहिल्या भागात डायनोसॉर पडद्यावर असतात जेमतेम पंधरा मिनिटं. सव्वादोन तासांच्या आत-बाहेरच्या पिक्चरमध्ये पंधरा. सुरुवातीला पेटाऱ्यातला प्राणी तर दिसतच नाही, दिसतो एक डोळा आणि ओढला जाणारा माणूस. टी-रेक्स यायला तास उलटतो. आधी बांधलेली शेळी दिसते, मग शेळी नाही, मग गाडीच्या काचेवर शेळीचा पाय. आणि त्याच्याही आधी ते पाणी. डॅशबोर्डवरच्या ग्लासातलं.

"ती वर्तुळं उठवायला गिटारची तार वापरली होती," विन्या म्हणाला. "डॅशबोर्डखाली ताणली आणि—"

"छेडली. बरोबर. एक तार, एक ग्लास. आणि तो आल्यावर संगीतही नाही, लक्षात आहे? जॉन विल्यम्ससारखा माणूस हाताशी असताना त्या हल्ल्यात त्याला गप्प बसवलंय. नुसता पाऊस आणि तो. तेवढा धीर पाहिजे. नवीन पिक्चरला आपल्यावर भरवसाच नाही. दहा मिनिटं काही दाखवलं नाही तर आपण उठून जाऊ, असं त्याला वाटतं."

"तेव्हा तंत्रज्ञान नव्हतं म्हणून कमी दाखवलं," विन्या. "त्यांचा तो यांत्रिक टी-रेक्स पावसात भिजला की फोमची कातडी पाणी प्यायची आणि सगळा सांगाडा लटलट कापायचा. टॉवेलनं पुसत बसायचे लोक. आज ती अडचण नाही."

"अडचण होती तेच बरं होतं की रे," मी म्हटलं. माझ्या मते त्या संध्याकाळी मी बोललेलं हे एकमेव शहाणं वाक्य. कोणी लक्ष दिलं नाही. कारण 'पाणी' शब्द निघाल्यावर विषय जिथं जायचा तिथं गेला होता.

आमच्या घरी पहिल्या भागाची व्हीएचएस कॅसेट होती. ती पक्यानं एका रात्रीसाठी नेली आणि दोन महिन्यांनी आणून दिली. मधल्या काळात त्याच्या बहिणीचं लग्न झालं. शूटिंगच्या प्रतीसाठी कोरी कॅसेट सापडेना तेव्हा या महाभागानं माझी दिली. पुढची कित्येक वर्षं आमच्या घरी तो प्रसंग असा दिसायचा: रात्र, पाऊस, दोन गाड्या, पोरं घाबरलेली, ग्लासातलं पाणी थरथरतं, एक मोठा 'खर्रर्र', आणि समोरून हार घातलेला पक्याचा मेव्हणा.

"मी माफी मागितलीय," पक्या म्हणाला.

"कधी?"

"मनात."

"खरं सांगू का," गौरी म्हणाली, "तुझ्या मेव्हण्याची एंट्री सातव्या भागातल्या कुठल्याही प्राण्यापेक्षा सरस आहे. निदान त्याची कोणी अपेक्षा केली नव्हती."

"माणूसही तसाच निघाला," पक्या गंभीर होऊन म्हणाला. पुढची पाच मिनिटं मेव्हण्यानं नेलेल्या आणि परत न केलेल्या गाडीवर गेली. ती इथं देत नाही.

विन्यानं परत सूत्रं हाती घेतली. या वेळी शास्त्र. खरा व्हेलोसिरॅप्टर टर्की पक्ष्याएवढा होता. अंगावर पिसं होती, हाताच्या हाडावर पिसांच्या मुळांच्या खुणा २००७ साली सापडल्या. टी-रेक्स, ट्रायसेराटॉप्स आणि रॅप्टर, तिघंही ज्युरासिक काळातले नाहीतच, क्रिटेशियसमधले. आणि नव्या पिक्चरमध्ये समुद्र, जमीन, आकाश अशा तीन सर्वांत मोठ्या डायनोसॉरांचं रक्त आणायला जातात—

"तीन?" गौरीनं विचारलं.

"मोसासॉरस, टायटॅनोसॉरस, क्वेट्झलकोट्लस."

"त्यातले डायनोसॉर किती?"

शांतता. मोसासॉरस हा समुद्री सरपटणारा प्राणी, क्वेट्झलकोट्लस उडणारा. डायनोसॉर यांपैकी एकच. हे विन्याला आमच्यात सर्वांत जास्त माहीत, तोच आम्हाला वर्षानुवर्षं शिकवत आलाय. पण भक्तीत माणूस वाहवतो.

"बोलीभाषेत म्हणतात तसं," तो पुटपुटला.

मी कबूल केलं की तो टायटॅनोसॉरचा कळप गवतातून वर येतो आणि शास्त्रज्ञ त्याच्या पायाला हात लावून रडतो, तेव्हा माझेही डोळे भरून आले.

"मागे जुनी धून वाजत होती ना? ती धून लागली तर तू पासबुक बघूनही रडशील."

आता हे लागलं. कारण खरं आहे.

"पण त्या पिक्चरनं स्वतःच कबुली दिलीय," ती म्हणाली. "सुरुवात बघा. न्यूयॉर्कच्या रस्त्यात एक अजस्र डायनोसॉर मरायला टेकलाय आणि लोकांची तक्रार काय, तर ट्रॅफिक. म्युझियम ओस. जगाला डायनोसॉरचा कंटाळा आलाय. ज्या पिक्चरमधल्या लोकांनाच कंटाळा आलाय, त्यानं मला काय थरारून सोडायचं? मला वाटलं, वा, आता यावर काहीतरी म्हणतील. नाही. कंटाळा आला म्हणून सहा हातापायांचा आणला. हीच गोष्ट २०१५ च्या भागात होऊन गेली! तिथंही पब्लिकला नवीन हवं म्हणून खोटा डायनोसॉर बनवला होता."

"आणि तो मशालवाला," पक्या अचानक म्हणाला. आम्ही चमकून पाहिलं. "महर्षला अली. सगळ्यांना वाचवायला फ्लेअर पेटवून त्या धोंड्याला घेऊन जातो. मी म्हटलं, गेला बिचारा. जरा वाईट वाटायला लागलं तर हा जिवंत! माझं वाईट वाटणं फुकट गेलं."

हे पक्याचं त्या संध्याकाळचं सर्वोत्तम निरीक्षण होतं. गौरीनं त्याच्या पाठीवर थाप मारली. त्यानं तिसऱ्या वाक्यात ते वाया घालवलं: "तरी चांगला होता की."

कोपऱ्यात सापडलेल्या विन्यानं मग जुनं शस्त्र काढलं. "गौरे, तू कोणत्या तोंडानं बोलतेस? तुला तिसरा भाग आवडतो."

हे मात्र खरं आहे. २००१ चा तिसरा भाग, ज्यात विमानात बसलेल्या डॉक्टर ॲलन ग्रँटला शेजारी रॅप्टर दिसतो आणि तो रॅप्टर म्हणतो, "ॲलन."

"ते स्वप्न होतं!" गौरी ओरडली.

"ॲलन," विन्या म्हणाला.

"दीड तासात संपतो तो पिक्चर! भाषण नाही, जगबिग वाचवणं नाही. पोरगा शोधा, घरी चला."

"ॲलन," पक्या म्हणाला.

मीही म्हटलं. असे प्रसंग वारंवार येत नाहीत. गौरी लाल झाली आणि आम्ही तिघं तीन स्वरांत "ॲलन, ॲलन" करत बसलो. रस्त्यानं जाणाऱ्या एका गृहस्थांनी मागे वळून पाहिलं. त्यांचं नाव वेगळं असावं.

"झालं?" तिनं विचारलं. "मग विन्या, तुला एक माहिती देते. तुला सगळं ठाऊक असतं म्हणून विचारते खरं तर. टी-रेक्सची डरकाळी कशाची होती?"

"हत्तीचं पिल्लू, वाघ आणि मगर. साउंडवाल्या गॅरी रायडस्ट्रॉमनं मिसळलं." छाती जरा वर आली.

"आणि रॅप्टर एकमेकांना हाका मारतात ते भुंकणं? तुझी रिंगटोन?"

विन्या गप्प. बहुधा त्या प्रकरणाच्या वेळी तो साहेबाच्या फोनवर होता.

"कासवं," गौरी म्हणाली. "जोडी जमलेली. ऐन वेळी रेकॉर्ड केलेली."

पहिले काही क्षण कोणाला अर्थबोध झाला नाही. मग पक्याला झाला, आणि पक्याला झाला म्हणजे सगळ्यांना झालाच.

"म्हणजे रोज मीटिंगमध्ये—" त्याला पुढे बोलवेना.

"खोटं आहे," विन्या म्हणाला, पण आवाजात जोर नव्हता. त्यानं मोबाइल काढला, शोधलं, वाचलं आणि परत खिशात ठेवला. सातव्या भागाच्या बाजूनं एक शेवटचा मुद्दा मांडायला त्यानं तोंड उघडलं, तोच साहेबाचा फोन आला.

खिशातून कासवं सुरू झाली. विन्याला बटण सापडेना.

"घे की रे," पक्या डोळे पुसत म्हणाला, "नाहीतर त्यांना तरी उरकू दे."