‘मीठ बंद करा, गोळ्या टाळा’: त्या मेसेजला उत्तर

आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर परवा तो मेसेज पुन्हा फिरला. ‘गरोदरपणात पाय सुजणं, बीपी वाढणं नॉर्मल. मीठ बंद करा, डाव्या कुशीवर झोपा. बीपीच्या गोळ्या बाळाला घातक. बाळंत झालं की सगळं आपोआप जातं.’ खाली हात जोडलेल्यांची रांग. भाचीला सातवा महिना लागलाय, म्हणून मला गप्प बसवेना.

पाय सुजणं बहुतेकींचं साधंच असतं. प्रीएक्लम्प्सिया, म्हणजे गरोदरपणात बीपी वाढून इतर अवयवांनाही बाधणारा आजार; त्याच्या निदानात आता पायाची सूज धरतच नाहीत. (चेहरा, हात अचानक सुजले तर मात्र दाखवायचं.) पण त्या मेसेजने बीपीलाही त्याच पंगतीला बसवलंय. विसाव्या आठवड्यानंतर चार तासांच्या अंतराने दोनदा १४०/९० किंवा जास्त भरलं तर ते वाढलेलंच. सोबत लघवीत प्रोटीन आलं, म्हणजे तपासणीच्या पट्टीचा पिवळा चौकोन हिरवट झाला, तर तो प्रीएक्लम्प्सिया. प्रोटीन नसलं तरी प्लेटलेट घसरल्या, लिव्हर-किडनीचे रिपोर्ट बिघडले, तर आजार तोच. आणि कित्येकींना यातलं काहीच जाणवत नाही. म्हणून दर खेपेला दंडाला पट्टा बांधायचा.

मिठाचा इथे दोष नाही. मूळ वारेत (प्लॅसेंटात) आहे. सुरुवातीच्या महिन्यांत वारेकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या हव्या तितक्या रुंदावत नाहीत, मग वारेतून आईच्या रक्तात असे घटक सुटतात की अंगभरच्या रक्तवाहिन्या बिघडतात. जेवण अळणी करून ते कसं सुधारणार? उलट जिथे आहारात कॅल्शियम कमी, तिथे कॅल्शियम द्या असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आशाताई देतात त्या गोळ्या हाडांपुरत्या नाहीत; ड्रॉवरमध्ये पडल्या असतील तर काढा. लोहाच्या गोळीबरोबर मात्र घेऊ नका.

डाव्या कुशीवर झोपा की. बरं वाटेल, बीपीचं औषध ते नव्हे.

गोळ्यांबद्दल त्या मेसेजमध्ये अर्धं सत्य आहे, आणि तेच जास्त धोक्याचं. रॅमिप्रिल, टेल्मिसार्टन या बीपीच्या गोळ्या बाळाच्या किडनीला खरंच बाधतात, म्हणून सासऱ्यांच्या डब्यातली गोळी कधीच नाही. लॅबेटालॉल, निफेडिपिन, मिथाइलडोपा गरोदरपणात अनेक वर्षं वापरात आहेत. १६०/११० ला गोळी टाळणं म्हणजे आईच्या मेंदूत रक्तस्राव ओढवून घेणं. ज्यांना आधीपासून धोका जास्त, त्यांना डॉक्टर बाराव्या आठवड्यानंतर कमी डोसची अ‍ॅस्पिरिन सुरू करतात. तीही ‘रक्त पातळ होतं’ म्हणून परस्पर बंद करू नये.

राहिलं ‘बाळंत झालं की जातं’. वार पडणं हाच खरा उपाय, पण तो त्याच दिवशी लागू पडत नाही. बीपी तिसऱ्या ते सहाव्या दिवशी पुन्हा चढू शकतं, या आजारातले आकडीचे झटके त्यानंतरही येऊ शकतात. आणि नेमकी तेव्हा बाई घरी, कान बांधून, शेगडीजवळ. डोकं दुखलं की ‘वारा लागला’, उजव्या बरगडीखाली दुखलं की ‘पित्त’. माझ्या बहिणीला पाचव्या दिवशी डोळ्यांपुढे काजवे दिसायला लागले, तेव्हा आई तिच्या कपाळाला सुंठ लावत होती. शेजारच्या नर्सताई बाळ बघायला म्हणून आल्या आणि घरी जाऊन मशीन घेऊन आल्या. १७०/११०. ती रात्र बहिणीने, झटके येऊ नयेत म्हणून लावलेल्या मॅग्नेशियमच्या सलाइनवर काढली, आणि बाळ आईने वाटी-चमच्याने पाजलं.